बदलीचा रकाना

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चर्चची घंटा सुरू झाली आणि बासष्ट ठोक्यांवर थांबली.

दोघा भावांतला धाकटा त्या वेळी विहिरीवर होता. चौदा महिने पाऊस नव्हता. बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर संपत आलेला असे आणि वर येई त्यात अर्धा गाळ. घंटा ऐकू आली की हातातले काम थांबवून मोजायची त्याला सवय होती. जितक्या वर्षांचा माणूस गेला तितके ठोके पडत, आणि गेली अकरा वर्षे चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक माणसाची कबर त्याने खोदली होती. आकडा लहान आला तर खड्डा लहान, एवढे त्याला घंटेवरूनच कळे.

आज त्याने अठ्ठावन्नपर्यंत मोजले. ते त्याचे स्वतःचे वय होते. मग दोर मनगटाभोवती गुंडाळून तो उभा राहिला. एकसष्ट. बासष्ट. पुढे काही आले नाही. बादली विहिरीत अधांतरी लटकत होती. ती त्याने वर ओढली, पाणी पिंपात ओतले आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली पहार आणि टिकाव उचलला.

बायको दारात आली. “किती?”

“बासष्ट.”

ती उंबऱ्यावर बसली. तो टिकावाचा दांडा हलवून बघत होता. “अहो, कुठे निघालात?”

“घंटा झाली.”

“तुमचा भाऊ गेलाय.”

“मग खड्डा नको का?”

थोरला नऊ दिवस छातीच्या दुखण्याने अंथरुणावर होता. ती रोज मागच्या वाटेने किटलीभर दूध घेऊन जाई. परत आल्यावर चुलीकडे तोंड करून स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणे, आज अर्धा पेला घेतला, आज नाही घेतला. धाकटा ऐकत असे. विचारत काही नसे.

त्या लूथरन मंडळीत वर्षातून एकदा, कोरड्या हंगामाच्या शेवटी, चिठ्ठ्यांचा रविवार येई. येत्या वर्षात आपण कोणते काम देणार ते प्रत्येक जण कागदावर लिहून ताटात टाकत असे. कोणी बाक दुरुस्त करी, कोणी वेदीवरची कापडे धुई, कोणी आजाऱ्यांच्या घरी जाई. ज्याला आणखी काही द्यायचे असेल तो दुसऱ्या कुणाची बदली म्हणून आपले नाव देऊ शके: अमका आजारी पडला, अडला, तर त्याच्या जागी मी. चिटणीस हे सारे एका वहीत तीन रकान्यांत उतरवी. नाव, काम, बदली. कोणी काय लिहिले ते तो बाहेर बोलत नसे. वेळ आली की ज्याचे त्याला कळवी. देणाऱ्याने दिल्याचा गाजावाजा करू नये म्हणून हा नियम होता आणि मंडळीला त्याचा अभिमान होता.

जमीन मात्र चिठ्ठीत देता येत नाही, तिचा कागद करावा लागतो. अकरा वर्षांपूर्वी जुने कबरस्तान भरले. त्या वर्षीच्या चिठ्ठ्यांच्या रविवारी थोरला उपासना संपल्यावर उभा राहिला आणि म्हणाला की कबरस्तानाला लागून असलेली शेताची पूर्वेची पट्टी आम्ही दोघे भाऊ देतो. शेत सामाईक होते. पट्टी बारा पावले रुंद. शेतातली सगळ्यात भुसभुशीत माती तिथलीच, त्यांचे वडील तिथे वाटाणा लावत. धाकटा तीन बाक मागे बसला होता आणि ही गोष्ट तिथेच पहिल्यांदा ऐकत होता. चर्चच्या पाळकांनी विचारले, दोघांची संमती आहे ना? सगळ्या माना मागे वळल्या. धाकटा उभा राहिला.

“आहे,” तो म्हणाला.

पुढे वर्षानुवर्षे त्याला भावाच्या बोलण्यापेक्षा स्वतःच्या त्या एका शब्दाचा राग येत राहिला.

घरी आल्यावर भांडण झाले. ते फार वेळ चालले नाही. थोरल्याचे म्हणणे असे की देवाला द्यायचे त्यात विचारायचे काय, तू नाही थोडाच म्हणाला असतास. धाकटा म्हणाला, “देवाला दिलंस त्याचं काही नाही रे. मला विचारलं नाहीस.” थोरल्याने हात झटकला आणि आत जेवायला गेला. पंधरा दिवसांत घराच्या मधोमध भिंत आली, शेताच्या मधोमध बांध. पुढे धाकटा बांधापलीकडे नवे घर बांधून राहिला.

धाकट्याची स्वतःची चिठ्ठी त्या रविवारी खिशातच राहिली होती. तीवर चर्चची कौले फेरायचे काम लिहिलेले होते. दुपारी त्याने ते खोडले, खाली लिहिले, ‘कबरी खोदणे, सगळ्या’, आणि चिटणिसाच्या घरी नेऊन दिली. बायकोला म्हणाला, पट्टी गेली ती गेली, आता तिच्यातली माती तरी माझ्याच हाताने निघेल.

पहिली कबर खोदून झाल्यावर पाळकांनी त्यावर प्रवचन केले. एका भावाने जमीन दिली, दुसऱ्याने घाम दिला, असे ते म्हणाले. लोकांनी बाहेर येऊन धाकट्याचे हात हातात घेतले. गिरणीवाल्याच्या आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. हे रागाने लिहिलेय असे तिथे कुणाला सांगायचे? तो मान खाली घालून उभा राहिला, तर लोक म्हणाले, किती नम्र.

त्यानंतर दोघे भाऊ बोलले नाहीत. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेताना एक वेदीच्या कठड्याच्या या टोकाला गुडघे टेकी, दुसरा त्या टोकाला. एकदाच थोरला कबरस्तानाच्या फाटकापर्यंत आला होता. गिरणीवाल्याची आई गेली तेव्हाची गोष्ट. धाकट्याला दोन दिवस ताप होता, तरी तो डोक्याला फडके बांधून खोदत होता. थोरला खांद्यावर फावडे घेऊन फाटकात उभा राहिला. बराच वेळ उभा होता. आपण दिलेल्या जमिनीचे काय चालले आहे ते बघायला आला असणार, असे धाकट्याला वाटले. त्याने पाठ फिरवली आणि टिकाव जोरात हाणला. नंतर बघितले तर फाटकात कोणी नव्हते.

सात वाजता तो पट्टीत पोचला तेव्हा लोहार आणि गिरणीवाला आधीच आलेले होते. त्या तिमाहीत हाताखालची पाळी त्यांची होती. लोहाराने आपल्या पहारेला रात्रीच नवे टोक काढून आणले होते. थोरल्याचे काही खरे नाही हे सगळ्यांनाच माहीत होते. ओळीतली पुढची जागा मोकळी होती. पट्टीतली तेविसावी. दोरी लावून चार कोपरे आखले. पहिली पहार मारली तेव्हा ती दगडावर आपटल्यासारखी वाजली आणि हातातून निसटायला आली. एके काळी या मातीत बोटाने भोक पाडून वाटाणा टाकता येत असे.

गिरणीवाला म्हणाला, “माझ्या जात्याला अशी माती लावली तर वर्षभर टाकी लावून खडबडीत करायला नको.” कोणी हसले नाही. मग त्याने लोहाराकडे बघितले.

लोहार वयाने मोठा होता. त्याने धाकट्याच्या हातातला टिकाव धरला, ओढला नाही. “तू घरी जाऊन बस.”

“का?”

“घरातल्या माणसाने हत्यार उचलायचं नसतं. तूच मला सांगितलं होतंस, माझा मुलगा गेला तेव्हा.”

धाकटा म्हणाला, “अकरा वर्षांत कुणी मला त्या घरातला म्हटलं नाही. आज बरा आठवलो.”

लोहाराने टिकाव सोडला नाही. शेवटी गिरणीवाला चिटणिसाला बोलवायला गेला. चिटणीस शिंपी होता. तो गळ्यात टेप तशीच ठेवून, काखेत वही मारून आला. नियम सरळ होता: ज्याला घरच्या दुःखामुळे थांबावे लागते त्याच्या जागी बदली बोलवायची. शिंप्याने वही उघडली, बोट खाली आणले, आणि वही मिटली.

“दोघांनीच उरका,” तो लोहाराला म्हणाला. “बदली मिळत नाही.”

“रकाना रिकामा आहे?” धाकट्याने विचारले.

“रिकामा नाही.”

“मग बोलव की त्याला.”

शिंपी टेपेच्या पितळी टोकाशी चाळा करत राहिला. धाकटा जवळ गेला. “माझ्या जागी कोण आहे हे मला सांगायला कसला आलाय नियम? वाच.”

शिंप्याने वाचले नाही. वही पुन्हा उघडली आणि त्याच्याकडे फिरवून धरली. धाकट्याला जवळचे नीट दिसत नसे. त्याने वही हातभर लांब धरली. कामाच्या रकान्यात त्याचे काम होते. त्यापुढे बदलीच्या रकान्यात त्याच्या भावाचे नाव होते.

“हे या वर्षीचं,” तो म्हणाला.

“पहिल्या वर्षापासून. तुम्ही चिठ्ठी देऊन गेलात, गावात बोलणं झालंच असेल, संध्याकाळी तो आला. नंतर दरवर्षी. मी म्हटलं, मागचीच पुढे चालू ठेवतो, पुन्हा लिहायला नको. तर नाही म्हणाला. नवी चिठ्ठी आणायचा.”

“मला का नाही सांगितलंस?”

शिंपी थोडा चिडला. ती चीड कुणावर होती ते त्यालाही सांगता आले नसते. “तुम्ही एकदा तरी आजारी म्हणून घरी राहायचं होतंत. एकदा तरी नाही येत म्हणायचं. त्या तापाच्या दिवशी मी त्याला निरोप दिला होता, तयार राहा म्हणून. तो फावडं घेऊन आला, तर तुम्ही आधीच खड्ड्यात. मग काय करणार?”

धाकट्याने वही परत दिली. टिकाव लोहाराच्या हातात होता, तो तसाच सोडला. कपड्यांवरची माती झाडली, ती फारशी नव्हतीच. मग फाटकातून बाहेर पडून तो भावाच्या घराकडे गेला. चिटणिसाने नियम पाळला होता. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, असे लोहार नंतर पाळकांना म्हणाला.

ते घर एके काळी त्याचेही होते. मधल्या भिंतीमुळे पुढची खोली लांबट आणि अंधारी झाली होती. थोरला खिडकीखाली, धुतलेला सदरा घालून झोपवलेला होता. हनुवटीला फडके बांधले होते. नऊ दिवसांत गाल बसले होते आणि त्यामुळे तो वडिलांसारखा दिसत होता. वहिनी उशाशी होती. बायका जागा करून सरकल्या. धाकट्याची बायको आधीच येऊन भांडी घासत होती. तिने दारातून त्याला बघितले आणि पुन्हा पाठ केली.

“आलात भाऊजी,” वहिनी म्हणाली. “बसा.”

तो दाराजवळच्या बाकावर बसला. लोक येत होते. कोणी त्याच्यापाशी थांबून सांत्वन करावे की नाही याचा अंदाज घेत होते आणि बहुतेक जण वहिनीकडे वळत होते. सुताराने पेटीचे माप घेतले, धाकट्याला म्हणाला, जरा उठता का, फळी टेकवायचीय. तो उठला, आणि फळी टेकवून झाल्यावर दुसऱ्या कुठे बसावे ते न कळून उभाच राहिला. बाक आता दुसऱ्या कुणीतरी घेतला होता.

खोलीतली गर्दी कमी झाल्यावर तो वहिनीजवळ जाऊन खाली बसला. दादा कधी काही बोलला होता का, असे त्याने विचारले. वहिनी नवऱ्याच्या बाहीची सुरकुती सारखी करत होती.

“बोलायचे कुठे? दाराआड फावडं आहे बघा. दरवर्षी चिठ्ठ्यांच्या रविवारी घासून, तेल लावून ठेवायचे. शेतात न्यायचे नाहीत. मी म्हणायची, कशाला जपताय एवढं? तर म्हणायचे, लागेल.”

“तुला माहीत होतं कशाला ते?”

“अंदाज होता. पण सांगितल्यावाचून बोलायचं नाही अशी रीत पडली ना आपल्याकडे. मला वाटायचं, दोघं पुरुष आहेत, मोठे आहेत, त्यांचं ते बघतील.”

दीड वाजता गिरणीवाला आला. त्याच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते आणि एक फुटला होता. कमरेपर्यंतसुद्धा झाले नाही, खाली मुरूम लागला आहे, लोहाराच्या खांद्यात चमक भरली आहे, असे त्याने दारातच सांगितले. दफन चारला ठरले होते. थोरल्याची लेक दुपारच्या गाडीने पोचणार होती. या उन्हात उद्यापर्यंत थांबता येणार नव्हते. आणखी माणसे शोधायची तर कामाची सगळी माणसे पाण्याच्या टँकरमागे दुसऱ्या गावात गेलेली होती. हे सांगताना तो धाकट्याकडे बघत नव्हता.

धाकटा वहिनीला म्हणाला, “मी जाऊ?”

घरातला माणूस प्रेतापाशी बसतो, बाहेरचा खोदतो. तो इथे बसून जेमतेम पाच तास झाले होते.

“मला काय विचारता?” वहिनी म्हणाली. “बसलात तर भाऊ म्हणून बसाल. गेलात तर...” ती थांबली. “खड्डा तर व्हायलाच हवा.”

तो उठला. दाराआडचे फावडे काढले. दांडा भावाच्या उंचीला बेतलेला होता, त्याला चार बोटे जास्त. पात्याला तेलाचा हात होता आणि कडेला एक ओरखडाही नव्हता.

पट्टीत त्याने लोहाराला बाहेर यायला सांगितले आणि स्वतः आत उतरला. गिरणीवाला पहारेने मुरूम फोडी, तो भरून वर टाकी. फावडे खड्ड्यात नीट फिरत नव्हते, दांडा मागच्या बाजूला आपटत होता. दर चार-पाच फावड्यांनी त्याला दांडा आखडून धरावा लागे. लोहाराने त्याचे नेहमीचे आखूड फावडे पुढे केले. त्याने घेतले नाही. घाम डोळ्यांत जात होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता. तीनच्या सुमाराला शिंपी वही घेऊन काठाशी आला.

“काय लिहू?” त्याने विचारले. “तुम्ही तुमच्या पाळीवर नाही. नियमाप्रमाणे नाही.”

“बदली लिही.”

“कुणाची?”

माती वर येत राहिली. शिंपी जरा वेळ थांबला आणि पेटीला लागणारे कापड कापायला निघून गेला.

तीन पन्नासला खड्डा छातीइतका झाला. धाकट्याला वर यायला हात द्यावा लागला. कपडे बदलायला वेळ नव्हता. पेटी आली तेव्हा तो मातीने भरलेला, खोदणाऱ्यांच्या बाजूला उभा होता. वहिनी, लेक आणि त्याची बायको समोरच्या बाजूला होत्या. लेकीने एकदा वर बघून, इकडे या, अशी मान हलवली. तो हललाच नाही. पाळकांनी वचन वाचले, तीनदा माती टाकली, आणि मग घरातल्यांनी मूठमूठ माती टाकायची वेळ आली. ओळीत तो सगळ्यांच्या शेवटी उभा राहिला. त्याच्या पाळीला बायकोने त्याच्या हातात माती दिली, कारण तो ओंजळ पुढे करून तसाच थांबला होता.

लोक गेल्यावर पाळक थांबले. म्हातारे होते, गुडघे दुखत होते, ढिगाऱ्याशेजारच्या दगडावर बसले. धाकटा माती लोटत होता. लोटता लोटता त्याने सांगितले की अकरा वर्षे आपण रागाने खोदत आलो. तुम्ही त्यावर प्रवचन केले तेव्हाही. एकही कबर प्रेमाने खोदली नाही. गिरणीवाल्याच्या आईची नाही, लोहाराच्या मुलाचीही नाही. मग ही सेवा धरायची की नाही?

पाळक म्हणाले, “सेवा मोजून कोणी तरत नाही. मी हे तीस वर्षं सांगतोय.”

“ते मला पाठ आहे. तरण्याचं नाही विचारत. मी एकदा जरी घरी राहिलो असतो, तर तो आत उतरला असता. मी एकदाही राहिलो नाही. याला काय म्हणायचं?”

मला माहीत नाही, असे पाळक म्हणाले. मग, त्या प्रवचनाबद्दल मी तुला आधी विचारायला हवे होते, असेही म्हणाले.

त्या दिवसाची नोंद वहीत अशी आहे: पट्टीतली कबर तेविसावी. खोदणारे: लोहार, गिरणीवाला. तिसऱ्या ओळीत चिटणिसाने तीनचा आकडा घातला आहे आणि पुढे काही लिहिलेले नाही.

सतरा दिवसांनी चिठ्ठ्यांचा रविवार आला. धाकटा शेवटच्या बाकावर बसला. प्रभुभोजनाला कठड्यापाशी गेला नाही. त्याच्या नेहमीच्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी राहिली आणि दुसऱ्या टोकालाही. ताट आले तेव्हा मात्र त्याने चिठ्ठी टाकली. शिंप्याने ती सोमवारी वहीत उतरवली. ‘कबरी खोदणे’ एवढेच तीवर होते. ‘सगळ्या’ हा शब्द या वर्षी नव्हता.

लांब दांड्याचे फावडे कबरस्तानाच्या फाटकाशी, भिंतीला टेकवलेले आहे. त्या दिवसापासून ते तिथेच आहे. वहिनीने ते न्यायला कुणाला पाठवले नाही, आणि धाकटा जाता येता त्याच्याकडे बघतो पण हात लावत नाही. पाऊस अजून नाही, त्यामुळे पाते गंजलेले नाही.

बदलीच्या चिठ्ठ्या रविवारनंतर आठ दिवस घेतात. काल शेवटचा दिवस होता. काल संध्याकाळपर्यंत धाकट्याच्या नावापुढे कोणाचीही चिठ्ठी आलेली नव्हती. शिंप्याने वही बंद केलेली नाही.